आधी सन ठरवा, मग शटर दाबा: वाफेच्या इंजिनाचे जुन्या धाटणीचे फोटो

वाफेच्या इंजिनाचा फोटो काढायचा, त्यावर सेपिया, म्हणजे तपकिरी छटा, चढवायची, कडा काळवंडून टाकायच्या, दोन-चार ओरखडे मारायचे, की झाला जुना फोटो! बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि बहुतेकांचे फोटो इथेच फसतात. बघणाऱ्याला छायाचित्रणातलं ओ की ठो कळत नसलं, तरी त्याला लगेच जाणवतं की फोटो आजचाच आहे, वरून रंग तेवढा फासलाय.

कारण 'जुना काळ' नावाचा एकच एक काळ कधी नव्हता. स्टीफन्सन पितापुत्रांचं 'रॉकेट' १८२९ साली रेनहिलच्या स्पर्धेत धावलं. दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली. तिथून पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं इंजिनं आणि कॅमेरे दोन्ही बदलत राहिले. काचेच्या जागी फिल्म आली, तिवईवरचा कॅमेरा हातात आला, मग रंग आला. या प्रत्येक टप्प्यावरच्या फोटोची तऱ्हा निराळी. तेव्हा पहिला निर्णय फिल्टरचा नसतो, सनाचा असतो. सन पक्का झाला की कुठे उभं राहायचं, कोणती लेन्स लावायची, आभाळ कसं दाखवायचं, ग्रेन (फिल्मवर दिसणारे बारीक दाणे) घालायचा की नाही, ही सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

पायरी १: सन निवडा

नवख्यांसाठी तीन टप्पे पुरे आहेत.

पहिला, साधारण १८६० ते १८८०. हा ओल्या काचेचा काळ. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं कोलोडिअनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि ओला असतानाच धुवायचा. एक्सपोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू देण्याचा वेळ, काही सेकंदांचं. साहजिकच इंजिन उभं, ड्रायव्हर-फायरमन उभे, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. धावती गाडी या काळातल्या फोटोत जवळजवळ सापडतच नाही. ही काच फक्त निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद द्यायची, त्यामुळे आभाळ कोरं पांढरं आणि लाल रंग काळाठिक्कर.

दुसरा, १९३० ते १९५०. मोठ्या आकाराची शीट फिल्म, हातात धरता येणारे प्रेस कॅमेरे, सगळे रंग ओळखणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म. गाडी वेगात असतानाही गोठवता येऊ लागली. आभाळात ढग दिसू लागले. तपशील असा टिपला जायचा की बॉयलरवरचे रिव्हेट मोजता यावेत.

तिसरा, १९५५ ते १९७०. ३५ मिलिमीटरची फिल्म, हलका कॅमेरा. १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये आली आणि कमी उजेडात, शेडच्या आत, धुरकट सकाळी फोटो काढणं सोपं झालं. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची नियमित वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. ती संपणार हे ठाऊक असलेल्या लोकांनी काढलेले हे फोटो आहेत. त्यांत मळकी इंजिनं आहेत, थकलेली माणसं आहेत, राखेचे ढीग आहेत. माझं मत विचाराल तर नवख्यानं याच टप्प्यापासून सुरुवात करावी. आजच्या कॅमेऱ्याला हा काळ सगळ्यात जवळचा आणि चुका सगळ्यात जास्त पोटात घालणारा.

सन ठरवताना समोरच्या इंजिनाचं वयही बघा. अमेरिकेतला ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हा डोंगरी मार्ग १८८२ साली पुरा झाला, पण त्यावर वर्षानुवर्षं धावलेली के-२८ वर्गाची इंजिनं १९२३ ची आणि के-३६ वर्गाची १९२५ ची आहेत. त्यांच्यावर १८८० चा साज चढवला तर जाणकार हसतील. ब्रिटिश इंजिनाच्या टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर) १९५६ नंतरचं बोधचिन्ह असेल तर तो फोटो १९३० चा होऊ शकत नाही. दार्जिलिंगची बी वर्गाची छोटी इंजिनं मात्र या बाबतीत सोयीची. तो वर्ग १८८९ पासूनचा, त्यामुळे बराच मोठा काळ तुमच्यासाठी मोकळा राहतो. रंग, क्रमांकाची पाटी, समोरचा दिवा आणि मागचे डबे एवढं जुळलं तरी पुष्कळ झालं.

पायरी २: उभं राहण्याची जागा

वेळापत्रक बघण्याआधी मार्गाचा चढउतार बघा. हौशी माणसं स्टेशनात गर्दी करतात आणि खरी मजा असते ती स्टेशनातून निघून चढणीला लागलेल्या गाडीत. चढावर इंजिन जोर लावतं, तेव्हा धुराड्यातून वाफेचे लोट उसळतात. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि गाडी आपल्या वजनानं घरंगळते. तेव्हा धुराड्यातून जेमतेम एक रेघ निघते आणि फोटो मेलेला येतो. जर्मनीत हार्झच्या डोंगरात ब्रॉकेन शिखरावर जाणारी मीटर गेज गाडी फोटोवाल्यांची लाडकी आहे ती याचमुळे: वर जाताना वाटभर चढण आणि माथ्यावर बहुतेकदा थंडी.

थंडीचा मुद्दा महत्त्वाचा. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो हवेत गार होऊन बनलेल्या सूक्ष्म थेंबांचा पांढरा ढग. हवा थंड आणि दमट असेल तर हा ढग दाट होतो आणि गाडीमागे लांबवर तरंगत राहतो. कोरड्या उन्हाळी दुपारी तो धुराड्याच्या तोंडाशीच विरतो. त्यामुळे पहाटेची पहिली गाडी आणि हिवाळ्याचे दिवस ही जोडी सोडू नका. पाऊस नुकताच थांबला असेल तर उत्तमच.

काळा धूर ही वेगळी गोष्ट आहे. तो न जळलेल्या कोळशाचा. चांगला फायरमन धूर कमीत कमी ठेवतो, कारण काळा धूर म्हणजे वाया गेलेलं इंधन. खास फोटोवाल्यांसाठी सोडलेल्या गाड्यांत मुद्दाम काळाकुट्ट धूर काढून देतात. दिसतो झकास, पण रोजच्या रेल्वेचं जुनं छायाचित्र असा भास हवा असेल तर पांढऱ्या-राखाडी लोटावरच समाधान माना.

वारा कुठून येतोय ते गवताची चार पाती उडवून बघा. वारा तुमच्या पाठीकडून रुळांकडे वाहत असेल तर लोट गाडीच्या पलीकडे जातो आणि इंजिन स्वच्छ दिसतं. उलट असेल तर अख्खी गाडी ढगात गडप होते आणि तुमच्या डोळ्यांत कोळशाचे कण जातात ते वेगळंच.

मग सूर्य. तो डोक्यावर असताना फोटो काढू नका. बॉयलरच्या कडेनं जाणाऱ्या फळीची सावली थेट चाकांवर पडते, आणि वाफेच्या इंजिनाचा सगळा जीव तर चाकांत आणि दांड्यांत. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फळीखाली शिरतं आणि दांड्यांवर चमकतं. पाठीवर ऊन घेऊन फोटो काढणं ही साध्या डबा कॅमेऱ्याच्या काळातली सक्तीच होती, त्याचं शटर आणि भिंग याहून जास्त काही झेपवायचंच नाही. म्हणून समोरून उजळलेला सरळसाधा फोटो आपोआप जुना वाटतो. सूर्य गाडीच्या मागे ठेवला तर वाफ आतून पेटल्यासारखी दिसते. तो मोह मलाही होतो, पण ती नजर तिसऱ्या टप्प्यातली आहे, १८७० ची नव्हे.

आणि हे सगळं रुळांपासून लांब राहून. कुंपणाच्या आत, पुलावर, बोगद्याच्या तोंडाशी परवानगीशिवाय जाऊ नका. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. वाफेची गाडी वाटते तितकी आवाज करत येत नाही, विशेषतः उतारावर. रेल्वेच्या माणसांनी चमकपट्ट्यांचं जाकीट घालायला सांगितलं तर निमूट घाला. फोटोत तुम्ही स्वतः येणार नसता.

पायरी ३: चौकटीतून आजचा काळ हाकला

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा लागतो. गाडी येण्याच्या अर्धा तास आधी जागेवर पोहोचा आणि रिकाम्या रुळांचा एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून बघा. काय काय दिसतंय? विजेच्या तारा आणि त्यांचे खांब. फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाळतीचे कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. लांबवर उभी असलेली मोटार. रंगीत दिव्यांचा सिग्नल, जिथे हाताचा सिग्नल असायला हवा होता. काँक्रीटचे स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे), जे सर्रास दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि हमखास, तुमच्यासारखेच हातात मोबाइल घेतलेले दहा-पंधरा जण.

यातलं निम्मं पुढे-मागे सरकून आणि वाकून घालवता येतं. गुडघ्यावर बसलात की स्लीपर गवताआड जातात, समोरच्या रुळाची कड वर येते आणि मागचा रस्ता इंजिनाच्या पाठीमागे लपतो. या बसण्याला इतिहासही आहे. १९२९ पासून मिळू लागलेल्या रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात वरून, कमरेशी धरून बघायचं असे. त्यामुळे त्या काळच्या कितीतरी फोटोंची नजर जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीची आहे आणि इंजिन त्यात अंगावर आल्यासारखं भव्य दिसतं. हे एक सूत्र पाळलं तरी फोटो दोन पावलं मागच्या काळात जातो.

उरलेल्या गोष्टींसाठी वाफेचाच पडदा करा. इंजिन सुटताना ड्रायव्हर सिलिंडरचे कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्या, उघडे ठेवतो. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी आधी बाहेर काढावं लागतं, कारण पाणी दाबलं जात नाही आणि ते आत राहिलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. त्या काही क्षणांत दोन्ही बाजूंनी पांढरे झोत सुटतात आणि फलाटावरचा सगळा आधुनिक पसारा झाकून टाकतात. गाडी हलताक्षणी तयार राहा, हा पडदा थोडाच वेळ टिकतो.

जे लपत नाही ते नंतर संगणकावर पुसता येतं, हे खरं. तरी शक्यतो त्यावर विसंबू नका. एखादी तार पुसणं ठीक. वाफेच्या आरपार दिसणारा खांब पुसायला गेलात की वाफेला ठिगळ लागतं आणि ते लपता लपत नाही.

पायरी ४: लेन्स आणि चौकटीचा आकार

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांवर बहुधा साधी, 'नॉर्मल' लेन्स असायची. ४ बाय ५ इंचांच्या फिल्मवरची १३५ किंवा १५० मिलिमीटरची लेन्स आजच्या फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) साधारण ४० ते ४५ मिलिमीटरइतकी दिसते. तेव्हा ३५ ते ८५ च्या मध्ये राहा, पहिल्या दोन टप्प्यांसाठी तर ५० च्या आसपासच. अतिवाइड लेन्सनं इंजिनाचं नाक फुगतं. लांब टेलिफोटोनं डबे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात आणि ती नजर १९६० नंतरची आहे. मोबाइल असेल तर त्याची नेहमीची वाइड लेन्स सोडून दुपटीची निवडा.

चौकट कॅमेऱ्यातच ठरवून घ्या. १९३०-५० साठी ५:४, रोलिफ्लेक्सच्या धाटणीसाठी चौरस, ३५ मिलिमीटरसाठी ३:२. १६:९ चा लांबुडका फोटो कितीही रंगवा, तो टीव्हीचाच वाटतो.

रचनेबद्दल एकच सांगतो. इंजिन बांधणारे कारखाने नवं इंजिन तयार झालं की त्याचा अधिकृत फोटो काढून ठेवत आणि त्यासाठी अनेकदा त्याला आधी मंद राखाडी रंग देत, कारण चमकदार गडद रंगात तपशील हरवायचे. या फोटोंत इंजिन बाजूनं किंवा किंचित समोरून-बाजूनं दिसतं आणि चाकांना जोडणारे दांडे बहुतेकदा खालच्या स्थितीत असतात, म्हणजे चाकांचे आरे मोकळे दिसतात. धावत्या गाडीतही ही स्थिती पकडता येते. १.८ मीटर व्यासाचं चाक ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला जवळपास दोन फेरे घेतं. सेकंदाला दहा फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याच्या पाच फ्रेम मिळतात, त्यांतल्या एकीत तरी दांडे खाली असतात. कारखान्याच्या फोटोची नक्कल करायची तर ढगाळ दिवस निवडा. मऊ उजेडात प्रत्येक नळी दिसते.

पायरी ५: कॅमेऱ्याची मांडणी

रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, यात दुमत नाही. काळं इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत असली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर गोंधळतो. इंजिनानं चौकट भरली असेल तर तो सगळं राखाडी करू पाहतो आणि वाफ जळून कोरी होते. म्हणून एक्सपोजर वाफेवर ठरवा: वाफेचा सगळ्यात उजळ भाग हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या कडेच्या थोडा अलीकडे राहील इतपत. इंजिनाचा काळोख नंतर उजळता येतो. जळलेली वाफ काही केल्या परत येत नाही.

सुरुवातीला ठेवायला आकडे: स्वच्छ ऊन, आयएसओ १००, एफ/८, १/५००. ढगाळ हवेत आयएसओ ४०० करा. ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८ मध्ये ठेवा. पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळवण्याची जी आजची फॅशन आहे, ती रेल्वेच्या जुन्या फोटोंत फारशी भेटत नाही. तिथे गाडीमागचं गाव, झाडं, सिग्नल केबिन सगळं ओळखू येतं.

शटरचा हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. १/५०० सेकंदात गाडी ३ सेंटिमीटरहून किंचित जास्त सरकते, १/६० मध्ये तब्बल २८ सेंटिमीटर. समोरून येणारी गाडी १/५०० ला धारदार येते. बाजूनं जाणारी जवळची गाडी गोठवायला १/१००० लागेल. पण पूर्ण गोठलेली चाकं बघून गाडी उभी असल्याचा भास होतो. १/२५० ला चाकांच्या आऱ्यांना किंचित हालचाल येते आणि फोटो जिवंत वाटतो. यातही एक गंमत आहे. धावत्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्याचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. त्यामुळे स्थिर कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत चाक खाली स्पष्ट आणि वर पुसट येतं. ते चुकलेलं नाही, तसंच यायचं.

पॅनिंग, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, करायचं असेल तर १/३० ते १/६० घ्या, कमरेतून वळा, धुराड्याच्या पायथ्यावर नजर खिळवा आणि शटर दाबल्यावरही वळत राहा. सुरुवातीला बरेच फोटो वाया जातील. सगळ्यांचेच जातात.

मिररलेस कॅमेऱ्यातलं मूक इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, नाहीतर वेगातले दांडे वाकडे दिसतात आणि धुराडं कलतं. जुन्या पडदा-शटरच्या कॅमेऱ्यांत चीर हळूहळू काचेवरून सरकायची, तेव्हा तिथेही वेगवान वाहनांची चाकं तिरकी यायची. पण ते झुकणं बघणाऱ्याला ओळखीचं आहे. वेड्यावाकड्या दांड्यांचं तसं नाही.

मोबाइलवाल्यांनी एचडीआर बंद करावं. तो अनेक फ्रेम एकत्र करतो, त्या प्रत्येकीत वाफ हललेली असते, आणि शेवटी हातात येतो एक राखाडी लगदा. पोर्ट्रेट मोडही नको. प्रो मोड असेल तर तो वापरा.

कधी दाबायचं? कानांनी ठरवा. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार देतं. चढावर हळू चाललेल्या गाडीचे हुंकार वेगवेगळे ऐकू येतात. हुंकार ऐकू आला की लगेच शटर दाबा, तो लोट धुराड्याच्या वर उभा असलेला सापडतो.

पायरी ६: माणसं

इंजिन एकटं असेल तर ते संग्रहालयातलं वाटतं. शेजारी तेलाची कुपी घेऊन वाकलेला माणूस असला की ते कामावरचं होतं. ड्रायव्हर, फायरमन, कॉक पुसणारा पोरगा, राख ओढणारे हात, यांच्याकडे कॅमेरा वळवा. विचारून काढा, आणि काढलेला फोटो त्यांना पाठवा. पुढच्या वेळी तेच तुम्हाला शेडमध्ये कुठे उभं राहायचं ते सांगतील.

पहिल्या टप्प्याचा फोटो असेल तर माणसांना रांगेत उभं करा, हसू नका म्हणा, आणि दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर तिवईवरून घ्या. उजेड फार असेल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. कुणाचं तरी डोकं किंचित हलेल, वाफेचा धुकट डाग होईल. हा परिणाम नंतर सॉफ्टवेअरमध्ये आणायला गेलात तर इतका खरा येत नाही.

पायरी ७: रात्र

रात्रीच्या वाफेचा विषय निघाला की ओ. विन्स्टन लिंक यांचं नाव येतंच. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी अमेरिकेच्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरची शेवटची वाफ टिपली, त्यातली बरीचशी रात्री, एकदाच पेटणाऱ्या फ्लॅश बल्बांच्या तारांची जाळी रुळांकाठी अंथरून आणि रेल्वेच्या पूर्ण सहकार्यानं. त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो १९५६ चा: मोटारीत बसून सिनेमा बघणारी माणसं आणि मागून जाणारी मालगाडी. त्यातलं पडद्यावरचं विमान त्यांनी नंतर दुसऱ्या निगेटिव्हमधून जोडलं, कारण फ्लॅशच्या उजेडात पडदा कोरा पडला होता. म्हणजे जोडकाम हे काही आजचं पाप नाही.

नवख्यानं धावत्या गाडीच्या वाटेला रात्री जाऊ नये. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं तर सरळसरळ धोक्याचं. उभ्या इंजिनापासून सुरुवात करा: तिवई, आयएसओ २००, एफ/८, १० ते २० सेकंद. एवढ्या वेळात वाफेचं मऊ धुकं होतं. भट्टीचं दार उघडलं की केबिन आणि वरची वाफ नारिंगी उजळते, त्या क्षणाची वाट बघा. आसपास पांढरे एलईडी दिवे असतील तर फोटो कृष्णधवल करा, दुसरा इलाज नाही. रंगीतच हवा असेल तर जुन्या तारेच्या बल्बाचा ऊबदार पिवळेपणा ठेवा आणि व्हाइट बॅलन्सनं तो धुऊन काढू नका.

पायरी ८: संगणकावर

बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्हाला त्या वर्षी काढलेला फोटो हवाय, की त्या वर्षी काढलेला आणि नंतर पेटीत पडून खराब झालेला फोटो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३५ साली फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा तो ताजा, धारदार आणि खोल काळ्या रंगांचा होता. पिवळेपणा, डाग, दुमडलेले कोपरे हे नंतरचे. मी पहिल्याच्या बाजूचा आहे. खराबी अंगावर चढवणं सोपं असतं आणि लवकर कंटाळा आणतं.

सेपियाचंही तसंच. ते जुनेपणाचं लक्षण नव्हतं. छापावरची चांदी रसायनानं सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदलायची ही प्रक्रिया मुद्दाम केली जायची, छाप जास्त टिकावा आणि रंग ऊबदार दिसावा म्हणून. तेव्हा वापरायचाच तर हलका हात: सावल्यांत किंचित तपकिरी, उजळ भागात सायीचा रंग. सगळा फोटो मातकट करू नका.

पहिल्या टप्प्यासाठी कृष्णधवल मिक्सरमध्ये लाल आणि नारिंगी स्लायडर जवळपास तळाला न्या, पिवळा आणि हिरवाही खाली आणा, निळा वर चढवा. आभाळ पांढरं होईल, इंजिनाची लाल पुढची पट्टी काळी पडेल, झाडं गडद होतील, माणसांचे चेहरे सावळे आणि सुरकुतलेले दिसतील. हे सगळं बरोबर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात उलट: पॅन्क्रोमॅटिक फिल्म आणि पिवळ्या किंवा लाल फिल्टरचा परिणाम, म्हणजे निळा खाली आणि आभाळ थोडं गडद. १८७० च्या धाटणीच्या फोटोवर काळं नाट्यमय आभाळ दिसलं की खोटेपणा लांबूनच कळतो.

ग्रेनच्या बाबतीत लोक सर्रास चुकतात. जितका फोटो जुना तितका ग्रेन जास्त, असं मुळीच नाही. मोठ्या काचेवर ग्रेन डोळ्यांना दिसतच नाही. तो ठळक होतो छोट्या ३५ मिलिमीटर फिल्मवर. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत ग्रेन जवळपास शून्य, तिसऱ्यात मोकळ्या हातानं, आणि सावल्यांपेक्षा मधल्या करड्या छटांत जास्त.

शार्पनिंग आणि 'क्लॅरिटी' (कडा ठळक करणारे स्लायडर) खाली आणा. इंजिनाच्या कडेला दिसणारी पांढरी किनार हे आजच्या सॉफ्टवेअरचं बोट. टोन कर्व्हचं (छटा बदलणाऱ्या वक्ररेषेचं) वरचं टोक हळुवार वाकवा, म्हणजे वाफ एकदम कोरी न होता सावकाश पांढरी होईल. खिडकीच्या आणि दिव्याच्या भोवती किंचित तेज पसरू द्या, जुन्या काचेत उजेड मागच्या पृष्ठभागावरून परतून असा पसरायचा. कडांचा अंधार असला-नसला इतकाच.

रंगीत जुना फोटो करायचा असेल तर १९३५ साली आलेल्या कोडाक्रोमचा विचार करा: गडद सावल्या, भरीव लाल, आवरलेले हिरवे. गुलाबी-लालसर पडलेले कौटुंबिक छाप हे मात्र रंगद्रव्यं उडाल्यामुळे झालेले, फोटो निघाला तेव्हा ते तसे नव्हते.

पायरी ९: छापा आणि खरी तारीख लिहा

पडद्यावर फोटो जुना वाटणं कठीणच, मागून उजेड येत असतो. मॅट किंवा बरायटा (जुन्या डार्करूमच्या धाटणीच्या) कागदावर लहान आकारात, तळहातापेक्षा जरा मोठा, पांढरी किनार ठेवून छापा. जुने छाप बहुतेक निगेटिव्हइतकेच किंवा थोडे मोठे असायचे.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं इंजिनाचा क्रमांक, जागा आणि फोटो काढल्याची खरी तारीख लिहा. इंटरनेटवर टाकतानाही तेच करा. असे फोटो तारखेविना फिरले की काही वर्षांत कुणीतरी ते खरोखरच १९४० चे म्हणून चिकटवतं, आणि मग त्या इंजिनाचा इतिहास शोधणाऱ्याला कोणत्या साली कोणता दिवा आणि कोणती पाटी होती, हे सोडवत बसावं लागतं.